रागीच्या दगडावरचा नारळ

आमच्या गावच्या क्रिकेट क्लबाकडे स्वतःचं म्हणावं असं फारसं काही कधीच नव्हतं. पहिली बॅट गावच्या सुतारानं सिल्व्हर ओकच्या फळीची करून दिली होती. ती इतकी जड होती की फलंदाज बाद होण्याआधी दमायचा, असं आमचे थोरले सांगायचे. मैदान म्हणजे आटलेल्या केरेचं, गावतळ्याचं पात्र. पाऊस मनासारखा झाला की शेतकरी खूश आणि क्लब पाण्याखाली. आणि पिचवर फिरवायचा रोलर म्हणजे रागीच्या, नाचणीच्या मळणीचा दगड. बैलांच्या मागे खळ्यावर गरगर फिरणारा, चौघांनी ढकलल्याशिवाय न हलणारा. खंडेनवमीला, इकडे तिला आयुधपूजा म्हणतात, तो दगड क्लबाच्या ताब्यात यायचा आणि रागी कापणीला आली की परत खळ्यावर जायचा. म्हणजे आमचा हंगाम किती लांबायचा हे रागीच्या कणसांवर ठरायचं. एका वर्षी पीक लवकर पिकलं, तर आम्ही निम्मे सामने ढेकळांवर खेळलो आणि चेंडू कुठे उसळेल हे मारुतीरायालाच ठाऊक.

आता गावात रागी कोणी लावत नाही. शेतांचे प्लॉट पडून घरांचे लेआउट झाले, खळ्यावर पाण्याच्या टँकरचा अड्डा आहे, आणि दगड बारा महिने क्लबाचाच आहे. घ्या! जेव्हा हवा होता तेव्हा उसना आणि आता मॅटवर खेळतात तर कायमचा.

हे सगळं मी फार रंगवून सांगतो. घरात कुणी पाहुणा आला, चहाचा पहिला घोट पोटात गेला, की माझी बायको मुलीकडे बघते आणि मुलगी म्हणते, "अप्पा, सुरू करा." आमचं मराठी घराणं बंगळूरजवळ त्या आनेकलकडच्या गावात कधी येऊन राहिलं ते कुणी नीट सांगत नाही, कोणी तीनशे वर्षं म्हणतं कोणी चारशे, पण क्लबाचा इतिहास विचारा, मी पहिल्या बॅटीपासून सांगतो. आणि त्यातलं बहुतेक सगळं खरं आहे.

बहुतेक म्हणजे, एक सोडून. ते एकच आज लिहायचं आहे आणि पहिलं पान झालं तरी मी अजून दगडाभोवतीच फिरतो आहे, यावरून काय ते समजा.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही पलीकडच्या गावाला हरवलं. बांधाच्या त्या बाजूचं गाव, दरवर्षी आम्हाला हरवायचं आणि वर आमच्याच आंब्याखाली बसून डबे खायचं. त्या वर्षी त्यांची शेवटची जोडी मैदानात होती, तीन धावा हव्या होत्या. त्यांच्या फलंदाजानं कॉर्कचा चेंडू जोरात वर मारला. तो बांधाकडच्या चिंचेच्याही वर गेला आणि खाली आला तो अण्णांच्या हातात.

अण्णा म्हणजे आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातले, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. रक्ताचं नातं काही नाही; आमच्याकडे मोठा तो अण्णा. ते मला तम्मा म्हणतात, धाकटा भाऊ. त्या झेलात त्यांच्या डाव्या हाताची करंगळी मोडली. हाडवैद्यानं बांधली, पण ती बाहेरच्या बाजूला वाकडी राहिली ती राहिलीच. गावानं त्याच दिवशी ठरवलं, की पुढच्या आयुधपूजेपासून रागीच्या दगडावरचा नारळ झेल घेणाऱ्यानं फोडायचा आणि तसाच दुसरा झेल कोणी घेईपर्यंत हा मान त्याचाच. स्टंप, बॅट, ग्लव्ह्ज, सगळं दगडासमोर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडूची फुलं, आणि मग नारळ. त्यानंतर हंगाम सुरू.

मी त्या वेळी मैदानात कुठे होतो, हे सांगायला मला स्वल्प धीर गोळा करावा लागेल. येतोच त्याच्यावर.

अण्णा आनेकलच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर होते. आयुधपूजेला कारखान्यातही मशीनची पूजा असते, आणि अण्णा होते त्यांच्या खात्यातले सगळ्यात तयार हात. मशीनला कुंकू त्यांनीच लावायचं असा तिथला रिवाज. तेव्हा पहिल्याच वर्षी ते मला म्हणाले, "तम्मा, माझ्या वतीनं तू फोड. मला तिकडून सुटका नाही."

मी फोडला. पुजाऱ्यानं संकल्प सोडताना विचारलं, "कुणाच्या नावानं?" मी अण्णांचं नाव सांगितलं. इथपर्यंत माझं वागणं सरळ होतं. याच्यापुढे ते तसं राहिलं असतं तर मला लिहायला काही नव्हतं.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. नवी नवरी पुण्याकडची. तिला या भागातलं काहीच ठाऊक नाही. आयुधपूजेला मैदानात उभी राहून तिनं विचारलं, "नारळ तुम्ही का फोडताय?"

शेजारच्या एका आजींनी हौसेनं सांगितलं, "ज्यानं झेल घेतला तो फोडतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला तीन महिने झाले होते आणि तोवर तिनं माझ्याकडे तसं एकदाही बघितलं नव्हतं. "म्हणजे तो झेल तुम्ही घेतलात?"

मी फक्त शर्टाची कॉलर नीट केली.

एवढंच. खोटं असं तोंडातून काही निघालंच नाही. पण कॉलर नीट करून झाल्यावर माणसाला काहीतरी बोलावंच लागतं. पुढच्या वर्षी तिच्या भावानं विचारलं, त्याला दोन वाक्यं सांगितली. मुलगी झाली, ती जेवायला त्रास द्यायची. एकेका घासाला एकेक तपशील लागायचा. चिंचेचं झाड तिच्यासाठी वाढलं, चेंडूनं तिच्यासाठी सूर्य झाकला. रागीमुद्देचा शेवटचा गोळा तोंडात जाईपर्यंत मी हवेत सूर मारलेलाच असायचो, उजवा हात लांब करून. करंगळीही मी घेतली. एकदा तिनं माझा हात धरून विचारलं, "मग तुमचं बोट सरळ कसं?" मी म्हणालो, "हाडवैद्य फार हुशार होता." बघा, चोरी करताना मी वाकडं बोट घेतलं आणि दुखणं अण्णांकडेच ठेवलं.

झेलाच्या दिवशीच्या अकरा जणांपैकी दोघं वारले, काही जमिनी विकून लांब गेले. जे उरले त्यांना मी अण्णांच्या वतीनं नारळ फोडतो एवढंच माहीत. सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी काय फोडतो ते त्यांना कुठून कळणार! क्लबात आलेली नवी मुलं, भाड्यानं राहणारी, लेआउटमधली, त्यांना मीच तो झेलवाला. आणि अण्णांना दर आयुधपूजेला लेथ होतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता क्लबाचा सध्याचा कप्तान आमच्याकडे आला. महादेवपुऱ्यात कुठल्याशा आयटी कंपनीत आहे, तिशीच्या आतला, फार अदबीचा मुलगा. म्हणाला, "सर, मैदानाला कुंपण पडून ते बंद व्हायच्या आत क्लबाचा इतिहास लिहून मोठा बोर्ड लावायचा आहे. जुनं आता तुम्हीच सांगू शकता." त्यानं फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं.

मुलगी कॉफी घेऊन आली आणि गेलीच नाही. खुर्चीच्या हातावर बसली, लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "अप्पा, चिंचेपासून सांगा."

इथे मी थांबू शकलो असतो. कप्तान परका होता, त्याला खरं सांगायला काही वाटलं नसतं. पण ती शेजारी बसली होती, चोवीस वर्षांची, नोकरी करणारी, आणि ओठ माझ्याबरोबर हलवत होती, कारण तिला सगळं पाठ होतं. मी चिंचेपासून सांगितलं. उलट त्या दिवशी फार चांगलं सांगितलं.

जाताना कप्तान दारात म्हणाला, "सर, यंदा आयुधपूजेला ते लेथवाले अण्णा पण येणार. रिटायर झाले ना! त्यांच्यासमोर बोर्ड उघडू."

"सरी, बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतरच्या रविवारी मी अण्णांकडे जायला निघालो. अर्धा किलो मैसूरपाक घेतला. गावाच्या फाट्यापर्यंत गाडी नेली, तिथे चहा प्यायलो, अजून एक प्यायलो आणि परत आलो. मैसूरपाक घरी बघून बायको म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हणालो, "सहज." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी मुलगीच म्हणाली, "अप्पा, साखर वाढेल आता." म्हणजे कबुलीजबाबाच्या नावानं आम्ही दीड किलो मैसूरपाक संपवला.

आयुधपूजेचा दिवस उजाडला. मैदानाच्या कडेला दगड धुऊन ठेवला होता, त्याच्यापुढे बॅटी मांडलेल्या, स्कूटरींनाही झेंडूच्या माळा. बोर्डावर पिवळं कापड. आणि दगडाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर अण्णा, पांढरा शर्ट, केस सगळे पिकलेले. मला बघून उठले. "तम्मा! पोट काय केलंस हे?"

मी काही बोलायच्या आत मुलगी पुढे झाली, वाकून नमस्कार केला. मोठ्या काकांना इकडे दोड्डप्पा म्हणतात. "दोड्डप्पा, तुम्ही त्या मॅचला होता ना? अप्पांचा झेल तुम्ही बघितला?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. चेंडू कुठे पडणार ते ओळखायला क्षेत्ररक्षकाला लागतो तेवढाच. मग त्यांनी डावा हात हळूच पाठीमागे नेला.

"बघितला की," ते म्हणाले. "अगदी जवळून."

"कसा होता?"

"कसा म्हणजे? झेल होता. आम्ही जिंकलो." आणि माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवून म्हणाले, "तुझा अप्पा सांगतो ते चांगलं सांगतो. त्यालाच विचार."

मला आयुष्यात अनेकदा लाज वाटली आहे. माझ्यासारख्या बोलघेवड्याला त्याची सवय असते. पण ती पाठीमागे लपवलेली करंगळी! माझं खोटं सांभाळायला तो माणूस स्वतःचा हात लपवत होता. त्यांनी चारचौघांत माझं थोबाड फोडलं असतं तर मी सुटलो असतो.

कप्तानानं बोर्डवरचं कापड ओढलं. पहिली बॅट, केरे, रागीचा दगड, सगळं कन्नडात सुंदर अक्षरांत, आणि खाली लाल रंगात विजयी झेल, त्याच्यापुढे माझं नाव. टाळ्या. पुजाऱ्यानं माझ्या हातात नारळ दिला.

मी नारळ धरून उभा राहिलो. म्हणालो, "हा झेल माझा नाही. अण्णांचा आहे. मी इतकी वर्षं त्यांच्या वतीनं नारळ फोडत आलो."

मग कप्तानानं माइकमधून सांगितलं, "बघा, सरांचा मोठेपणा! सगळं श्रेय टीमला देतात!" आणि पहिल्यापेक्षा दुप्पट टाळ्या. कोणीतरी शिट्टीही वाजवली. मुलीचे डोळे भरून आले होते. अभिमानानं, हो.

आता काय करता! वीस-पंचवीस वर्षं मी ती गोष्ट इतकी चोख सांगितली होती, की खरं बोललो तर तो विनय ठरत होता. अण्णा पुटपुटले, "फोड रे आता, पुरे." पुजारी मात्र कोड्यात पडून म्हणाले, "यात नवीन काय? मी दरवर्षी या अण्णांच्याच नावानं संकल्प सोडतो. पहिल्या वर्षी सांगितलं होतं ना." पण पुजाऱ्याचं संकल्पातलं बोलणं कोण ऐकतं?

तेव्हा मला ते सांगावं लागलं, जे मी कुणालाच, अण्णांनाही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"तो चेंडू माझा होता," मी म्हणालो. "चिंचेखाली मी उभा होतो. मीच ओरडलो, माझा, माझा! अण्णा लांब होते, ते थांबलेसुद्धा. मग चेंडू खाली यायला लागला आणि मी घाबरलो. डोळे मिटले. डोक्यावर हात घेतले आणि खाली बसलो. तो झेल मी बघितलेलासुद्धा नाही. डोळे उघडले तेव्हा अण्णा माझ्याशेजारी आडवे पडले होते आणि चेंडू त्यांच्याकडे होता."

कोणी टाळी वाजवली नाही. कप्तानानं माइक खाली केला. मला वाटलं अजून पटत नाही की काय, म्हणून मी नारळ दगडावर ठेवला आणि करून दाखवलं. डोळे मिटून, दोन्ही हात डोक्यावर, असा उकिडवा. चौपन्न वर्षांचे गुडघे कडकन वाजले ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच. या वेळी सगळ्यांना पटलं होतं. असं स्वतःबद्दल कोण रचून सांगेल?

मी डोळे मिटलेलेच ठेवले. एक तर मुलीचा चेहरा बघायचा नव्हता, आणि दुसरं म्हणजे मला उठता येत नव्हतं. मग दंडाला हात लागला, त्यातलं एक बोट वेगळ्याच दिशेला होतं.

"उठ तम्मा," अण्णा म्हणाले. "उठ, लोक बघतायत." तीस वर्षांपूर्वी चिंचेखाली त्यांनी हेच म्हटलं होतं. तेव्हाही मला ओढून उभं केलं होतं, असं की लांबून बघणाऱ्याला वाटावं दोघांनीही सूर मारला.

नारळ त्यांनी फोडला. पहिल्या फटक्यात नाही फुटला, दुसऱ्यात नाही. "सवय लागते याची," ते मला म्हणाले, "तुझ्यासारखी." तिसऱ्यांदा फुटला आणि पाणी माझ्या पँटवर उडालं.

घरी येताना गाडी मुलगी चालवत होती. बायको मागे बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मग कॉलर कशाला नीट केलीत हो?" सत्तावीस वर्षांपूर्वीची कॉलर तिच्या लक्षात होती. मी सिग्नलकडे बघत बसलो. मुलगी बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कॉफी आणून द्यायची, पण खुर्चीच्या हातावर बसायची नाही. माझ्याकडे पाहुणे आले होते, त्यांनी क्लबाचं विचारलं, तर मी त्यांना ट्रॅफिकबद्दल सांगितलं.

रविवारी सकाळी ती म्हणाली, "गाडी नेते." कुठे म्हणून विचारायची माझी छाती झाली नाही. जाताना मैसूरपाक घेऊन गेली, तेव्हा कळलं.

दुपारी परत आली. माझ्यासमोर बसली, खुर्चीवर, नीट. म्हणाली, "अप्पा, झेल कसा घेतला ते ऐकायचंय?"

मी मान हलवली. ज्या झेलाची गोष्ट मी शंभरदा सांगितली, ती मी पहिल्यांदाच ऐकणार होतो.

"सूर वगैरे काही नाही," ती म्हणाली. "धावताना त्यांचा पाय चिंचेच्या मुळात अडकला, ते पडले. चेंडू आधी मनगटाला लागला, मग छातीवर आला, तिथे उजव्या हातानं दाबून धरला. दोड्डप्पा म्हणाले, बघण्यासारखा नव्हताच, बरं झालं तुझ्या अप्पानं बघितला नाही."

मी हसलो. तीही थोडी हसली. मग मी विचारलं, "आणि करंगळी? डाव्या हाताची कशी मोडली मग?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला वाटतं तिला पहिल्यांदाच माझी दया आली.

"त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलंय," ती म्हणाली. "डावा हात खाली जमिनीवर होता, अप्पा. तुम्ही त्याच्यावर बसलात."